पंचवीस तास पाच मिनिटं : मतं हातात नसताना विरोधकाने बोलायचं कशासाठी?

अनुराधा_एडिसन | २ एप्रिल २०२५

आमचे न्यूजर्सीचे डेमोक्रॅट सेनेटर कोरी बुकर परवा, ३१ मार्चला संध्याकाळी सातला सेनेटमध्ये बोलायला उभे राहिले ते काल रात्री आठ वाजून पाच मिनिटांनी थांबले. २५ तास ५ मिनिटं. सेनेटच्या इतिहासातलं सगळ्यात लांब भाषण. मी काल ऑफिसातून अधूनमधून बघत होते, संध्याकाळी घरी आल्यावर शेवटपर्यंत बघितलं. आवाज बसला होता, पण मुद्दा सुटत नव्हता.

विषय एकच नव्हता. मेडिकेड या सरकारी आरोग्यविमा योजनेतली संभाव्य कपात, सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे सरकारी पेन्शनच्या, कार्यालयांतले कर्मचारी कमी करणं, शिक्षण खातं गुंडाळण्याचा आदेश, संशोधनाचा थांबवलेला पैसा, स्थलांतरितांची धरपकड, कॅनडासारख्या मित्रदेशाशी काढलेलं भांडण. ट्रम्प यांच्या दुसऱ्या कारकिर्दीच्या पहिल्या ७१ दिवसांत जे जे झालं ते एकेक घेऊन बोलले. मध्ये मध्ये सामान्य लोकांची पत्रं वाचली. मला ती पत्रंच जास्त लागली. पार्किन्सन्स झालेल्या माणसाला मेडिकेडच्या बातमीने झोप लागत नाही, हे सेनेटच्या अधिकृत नोंदीत छापलं जाणार आहे.

पण आमच्या घरात यावरून दोन तट पडलेत. नवऱ्याचं म्हणणं, सेनेटमध्ये रिपब्लिकन ५३ विरुद्ध डेमोक्रॅट ४७ आहे, समोर कुठलंही विधेयक नव्हतं, भाषण संपल्यावर ज्या नेमणुकीचं मतदान रखडलं होतं ते लगेच झालंच. मग मिळालं काय?

माझं मत स्पष्ट आहे : हे बोलणं गरजेचं होतं. पण त्याच्या प्रश्नाला 'लोकांना धीर मिळाला' यापलीकडचं उत्तर मला हवंय. तुम्हाला काय वाटतं?

---

रानवारा

कोपऱ्यात रुमाल टाकून ठेवतोय. रात्री सविस्तर लिहितो.

---

चिंगी

मला एकच बाळबोध शंका. पंचवीस तास? म्हणजे... मधे जायचं कसं? :)

---

दत्ता_सदाशिव

चिंगी, ही शंका कालपासून अर्ध्या जगाला पडलेली आहे. नियम असा की बोलणाऱ्याने उभंच राहायचं, जागा सोडायची नाही, बसायचं नाही. बसलात की तुमची पाळी संपली. मध्ये दुसऱ्या सदस्याने प्रश्न विचारला तर तो ऐकून घेता येतो, पण पाळी आपल्याकडेच राखून ठेवतोय असं प्रत्येक वेळी बोलून दाखवावं लागतं. काल सहकारी सेनेटर लांबलचक प्रश्न विचारत होते ते त्यांना तेवढाच श्वास मिळावा म्हणून. क्रिस मर्फी जवळजवळ पूर्ण वेळ सोबत होते. बुकर यांनीच नंतर सांगितलं की शुक्रवारपासून जेवण बंद केलं होतं आणि रविवार रात्रीपासून पाणी. शेवटी पायात गोळे येत होते. मोह नको म्हणून खुर्चीसुद्धा काढून घ्यायला लावली होती.

अजून एक. हा तांत्रिकदृष्ट्या 'फिलिबस्टर' नव्हता. विधेयक अडवायला लांबवलेलं भाषण म्हणजे फिलिबस्टर. इथे अडवायला विधेयकच नव्हतं. अनुराधाताईंच्या यजमानांचा तो मुद्दा बरोबर आहे.

---

चिंगी

पाणीसुद्धा नाही!! माझी आजी निर्जळी एकादशी करायची, पण ती दुपारी झोपायची तरी.

---

ह्यूस्टनचा_हेमंत

मी वेगळ्या बाजूचा आहे, तेव्हा मोकळेपणाने लिहितो. नोव्हेंबरात मी ट्रम्पना मत दिलं. सीमेवरची परिस्थिती आणि सरकारी खर्च, ही दोन कारणं होती आणि ती आजही मला पटतात. ३१२ इलेक्टोरल मतं मिळवून, एकूण मतांतही पुढे राहून हा माणूस निवडून आला. मी हे हे करणार असं सांगून आला आणि ते ते करतोय. विरोधकाला बोलायचा हक्क आहेच. पण त्या बोलण्याला 'लोकशाही वाचवली' असं म्हणायचं तर मग तेच माप सगळ्यांना लावा.

२०१३ मध्ये आमचे टेड क्रूझ ओबामांच्या आरोग्य कायद्याविरुद्ध २१ तास १९ मिनिटं बोलले होते. तेव्हा त्यांना पोरकट, आडमुठे, काय काय म्हटलं गेलं. या संकेतस्थळावरही म्हटलं गेलं होतं. आणि ज्यांचा विक्रम काल मोडला ते स्ट्रॉम थरमंड १९५७ साली २४ तास १८ मिनिटं बोलले ते कृष्णवर्णीयांच्या मतदानहक्काच्या कायद्याविरुद्ध. तेव्हा राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर होते, रिपब्लिकन. थरमंड तेव्हा डेमोक्रॅट होते. म्हणजे तेही सत्ताधारी राष्ट्राध्यक्षाच्या धोरणाला विरोधकाने केलेला विरोधच. लांबीवरून थोरवी ठरत नाही एवढंच म्हणायचंय.

---

अनुराधा_एडिसन

हेमंतदादा, मनापासून लिहिलंत. लांबीवरून थोरवी ठरत नाही हे मान्यच. पण थरमंड यांचा विक्रम जवळजवळ ६८ वर्षं टिकला आणि तो एका कृष्णवर्णीय सेनेटरने मोडला, यात मला नुसत्या घड्याळापेक्षा जास्त काहीतरी दिसतं. थरमंड बोलले आणि त्यानंतर दोनेक तासांत तो कायदा सेनेटमध्ये मंजूर झाला. त्यांच्या बोलण्याने एक मत फिरलं नाही.

---

ह्यूस्टनचा_हेमंत

अहो, मग तुमच्या यजमानांचंच म्हणणं सिद्ध झालं की!

---

रानवारा

रुमाल उचलतो आता.

बोलण्याने काही होत नाही हे खरं नाही. २०१३ चंच उदाहरण. ६ मार्चला रँड पॉल, केंटकीचे रिपब्लिकन, जवळपास १३ तास बोलले. सीआयएच्या प्रमुखपदी जॉन ब्रेनन यांची नेमणूक व्हायची होती. पॉल यांचा प्रश्न एकच होता : अमेरिकेच्या भूमीवर, लढाईत नसलेल्या अमेरिकन नागरिकाला राष्ट्राध्यक्ष ड्रोनने मारू शकतात का? ओबामा सरकार सरळ उत्तर देत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ॲटर्नी जनरल एरिक होल्डर यांचं चार ओळींचं पत्र आलं : नाही, तो अधिकार नाही. ब्रेनन यांची नेमणूक झाली, पॉल मतदानात हरले, पण सरकारला लेखी 'नाही' म्हणावं लागलं. ते उत्तर पुढच्या प्रत्येक राष्ट्राध्यक्षासमोर नाचवता येतं.

फरक बघा. पॉल यांनी एक प्रश्न धरला आणि उत्तर मिळेपर्यंत सोडला नाही. बुकर यांनी सगळा हिशेब एकदम मांडला. धीर मिळाला, नोंद झाली, पण सरकारने नेमकं कशाचं उत्तर द्यायचं होतं? माझी तक्रार असलीच तर ती आहे.

---

सुजाता_केअर

मी न्यूजर्सीत एका नर्सिंग होममध्ये रुग्णांची कागदपत्रं सांभाळते. वरची चर्चा वाचून राहवलं नाही म्हणून पहिल्यांदाच लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आपल्या लोकांना मेडिकेड म्हणजे 'काम न करणाऱ्यांची सोय' वाटते. तसं नाही हो. अमेरिकेत नर्सिंग होममध्ये राहणाऱ्या निम्म्याहून जास्त म्हाताऱ्यांचा खर्च मेडिकेड भरतं. मेडिकेअर ६५ वर्षांनंतर मिळतं, पण ते हॉस्पिटलचं बघतं. वर्षानुवर्षं पलंगावर असलेल्या माणसाला आंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं याचे पैसे ते देत नाही. ज्यांनी आयुष्यभर नोकरी केली, घर होतं, बचत होती, तेसुद्धा दोन-तीन वर्षांत सगळं संपवून मेडिकेडवर येतात. त्यात रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट दोन्ही असतात.

मागच्या महिन्यापासून नातेवाइकांचे फोन येतात, आईला इथून काढणार का. माझ्याकडे उत्तर नसतं. परवा रात्रपाळीला आमच्या दोन बायका फोनवर भाषण लावून काम करत होत्या. त्यातली एक हैतीची. ती म्हणाली, आमची नावं घेत नाही तो, पण आमचं काम त्याला ठाऊक आहे.

धीर ही छोटी गोष्ट आहे असं कृपा करून म्हणू नका.

---

मालवणी_खाजा

सुजाताताय, लिवत रवा.

---

ह्यूस्टनचा_हेमंत

सुजाताताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मेडिकेडच्या बाबतीत माझ्या पक्षाने जपून पावलं टाकावीत असं मलाही वाटतं. राष्ट्राध्यक्षांनी मेडिकेडला हात लावणार नाही असं म्हटलेलं आहे. बघू.

---

दत्ता_सदाशिव | ३ एप्रिल

भाषणाची चर्चा चालू असताना काल संध्याकाळी त्याच सभागृहात जे झालं त्याकडे लक्ष वेधतो. कॅनडावरच्या आयातशुल्कासाठी जी 'आणीबाणी' जाहीर केली होती ती रद्द करण्याचा टिम केन यांचा ठराव सेनेटमध्ये ५१ विरुद्ध ४८ ने मंजूर झाला. कॉलिन्स, मर्कोवस्की, मॅककॉनेल आणि रँड पॉल हे चार रिपब्लिकन स्वतःच्या राष्ट्राध्यक्षाविरुद्ध गेले. केन हे व्हर्जिनियाचे, विरोधी पक्षाचे सेनेटर. बहुमतवाल्यांच्या मनात नसताना त्यांचा ठराव मतदानाला आला कसा? १९७६ च्या राष्ट्रीय आणीबाणी कायद्यात तशी तरतूद आहे. असा ठराव कुठल्याही एका सदस्याने आणला तरी त्यावर मतदान घ्यावंच लागतं.

हे मला भाषणापेक्षा मोलाचं वाटतं. विरोधक जिंकला नाही तरी चालेल, पण प्रत्येक सदस्याला नावानिशी हो किंवा नाही म्हणायला लावणं, हे त्याच्या हातात आहे.

आपल्याकडे बघा. आपल्या संसदेत बोलण्याचा वेळ पक्षाच्या संख्येप्रमाणे वाटला जातो, दोन खासदारांच्या पक्षाला काही मिनिटं. आणि १९८५ च्या पक्षांतरबंदीच्या दहाव्या परिशिष्टानंतर पक्षादेश मोडून मत दिलं तर सदस्यत्वच जातं. मॅककॉनेल काल जे करून घरी जेवायला गेले ते आपल्याकडे केलं असतं तर खासदारकी गमावून बसले असते.

---

रानवारा

यावरून नाथ पै आठवले. राजापूरचे खासदार, समाजवादी, कायम विरोधी बाकावर. १९६७ मध्ये गोलकनाथ निकालाने सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की मूलभूत हक्कांना कात्री लावणारी दुरुस्ती संसदेला करता येणार नाही. हा अधिकार संसदेला परत द्यावा म्हणून नाथ पैंनी खासगी विधेयक आणलं. ते त्यांच्या हयातीत मंजूर झालं नाही. जानेवारी १९७१ मध्ये ते गेले आणि त्याच वर्षी इंदिरा गांधींच्या सरकारने २४ वी घटनादुरुस्ती केली, मतलब तोच. विरोधकाचं बोलणं कधी कधी असं उशिरा पोचतं.

---

मालवणी_खाजा

नाथ पैंचा नाव काढलात म्हणून लिवतंय. माझे वडील सांगत, भाषण ऐकूक लोक वेंगुर्ल्याक चालत जायत. पण ह्या विधेयकाबद्दल माका उलटा वाटता. तो अधिकार मिळालो आणि फुडे आणीबाणीत त्याचो वापर कसो झालो ता सगळ्यांनी बघितलेला आसा. विरोधकाची चांगली कल्पना सत्तेच्या हातात गेली काय तिचा काय होयत सांगता येना नाय.

---

रानवारा

खाजादादा, हे मी मान्य करतो आणि यावर स्वतंत्र धागा हवा. नाथ पैंचा हेतू संसद बळकट व्हावी हा होता, पंतप्रधान नव्हे.

---

चिंगी

१९६३ चा लोहियांचा 'तीन आणे' वादही इथे चालेल ना? पहिला अविश्वास ठराव. माझ्या बाबांच्या तोंडून ऐकलंय.

---

दत्ता_सदाशिव

चालेल, अगदी नेमका चालेल. ऑगस्ट १९६३, ठराव कृपलानींचा, पंतप्रधान नेहरू. लोहिया म्हणाले देशातली बहुसंख्य माणसं दिवसाला तीन आण्यांवर जगतात, सरकार म्हणालं पंधरा आणे. ठराव ६२ विरुद्ध ३४७ ने पडला. पण त्यानंतर दारिद्र्य मोजायचं कसं हा प्रश्न टाळता येईना. तिथेही लोहियांनी एकच आकडा धरला होता. रानवारा म्हणतात त्यात तथ्य आहे.

---

संपादक मंडळ

चर्चा छान चालली आहे. मूळ विषयापासून फार लांब जाऊ नये ही विनंती.

---

लालबावटा_फ्रीमाँट | २१ मे

धागा वर काढतोय. परवा चार्ल्स कुशनर यांची फ्रान्सच्या राजदूतपदी नेमणूक मंजूर झाली. ट्रम्प यांच्या जावयाचे वडील, करचुकवेगिरीसह इतर गुन्ह्यांसाठी तुरुंगात जाऊन आलेले, २०२० मध्ये ट्रम्प यांनीच माफी दिलेली. त्यांच्या बाजूने मत देणारा एकमेव डेमोक्रॅट कोण? कोरी बुकर. कुशनर न्यूजर्सीचे, ओळख जुनी.

मी एप्रिलमध्ये ते भाषण अर्ध्याहून जास्त ऐकलं होतं. फार भारावलो होतो. म्हणूनच हे बोचतं. पंचवीस तास उभं राहायला ताकद लागते, पण ओळखीच्या माणसाला एका शब्दात 'नाही' म्हणायलाही लागते. मला दुसरी ताकद जास्त हवी आहे.

---

अनुराधा_एडिसन

मी त्यांच्या कार्यालयात फोन करून हे मत मला आवडलं नाही असं कळवलं. फोन घेणाऱ्या मुलीने व्यवस्थित लिहून घेतलं. न्यूजर्सीत राहणाऱ्या सगळ्यांना सांगते, फोन करत जा. ते आपले कर्मचारी आहेत.

---

सुजाता_केअर | ४ जुलै

सेनेटमध्ये १ जुलैला ५० विरुद्ध ५० झालं आणि उपराष्ट्राध्यक्ष व्हान्स यांच्या मताने करकपातीचं आणि मेडिकेड कापण्याचं विधेयक पार पडलं. काल प्रतिनिधिगृहात डेमोक्रॅट नेते हकीम जेफ्रीज ८ तास ४४ मिनिटं बोलले, तिथला विक्रम. मग २१८ विरुद्ध २१४. आज सही झाली. काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज आहे की दहा वर्षांत एक कोटी माणसांचा विमा जाईल.

मी दोन्ही भाषणं ऐकली. आज मला कुणी 'मिळालं काय' विचारू नका.

---

ह्यूस्टनचा_हेमंत

ताई, विचारणार नाही. सेनेटमध्ये आमच्या बाजूचे तिघे विरोधात गेले : टिलिस, कॉलिन्स, पॉल. टिलिस यांनी दोनच दिवस आधी पुढची निवडणूक लढवणार नाही असं जाहीर केलं. मला करकपात हवी होती, ती मिळाली. मेडिकेडची ही किंमत मला नको होती आणि तसं मी माझ्या दोन्ही सेनेटरना लिहिलंय.

---

अंधेरी_पूर्व | २९ ऑगस्ट

तुमच्या धाग्यात मुंबईहून डोकावतोय. सीप्झमध्ये हिऱ्यांच्या दागिन्यांच्या कारखान्यात आहे, पॉलिश आणि सेटिंग विभाग. आमचा बहुतेक माल अमेरिकेला जातो. ७ ऑगस्टला त्यावर २५ टक्के आयातशुल्क लागलं आणि परवा, २७ ला आणखी २५, रशियाचं तेल घेतो म्हणून. दिवाळी-नाताळच्या मालाचा हाच हंगाम. गिऱ्हाईक म्हणतं थांबा. ओव्हरटाइम बंद झालाय आणि कंत्राटी कारागिरांना कामावर येऊ नका म्हणून सांगितलंय. त्यातले बरेच बंगालचे, गणपतीत मुंबईत थांबायचे, या वर्षी गावी गेले.

माझा प्रश्न साधा आहे. तिकडच्या विरोधी पक्षातलं कोणी आमच्याबद्दल बोलतंय का? आम्ही तिथले मतदार नाही, त्यामुळे बोलण्याचं त्यांना बंधन नाही हे समजतं. तरी विचारतो.

---

रानवारा

दादा, थेट तुमच्याबद्दल नाही, पण मुद्दा तोच आहे. शुल्क ठरवण्याचा अधिकार घटनेने काँग्रेसला दिलाय, राष्ट्राध्यक्ष १९७७ च्या आणीबाणीसंबंधीच्या कायद्याचा आधार घेऊन तो वापरतायत, हा विरोधकांचा मुख्य आक्षेप आहे. केन आणि मंडळी तोच धरून आहेत. आणि ते शुल्क शेवटी इथला आयातदार भरतो. माझ्या बायकोने डब्यात भरायला घेतलेल्या बासमतीचा भावही वाढलाय.

---

चिंगी | २२ सप्टेंबर

एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसासाठी एक लाख डॉलर! शुक्रवारी रात्री बातमी, रविवारपासून लागू. भाची पुण्यात लग्नाला आली होती, हळदीच्या दिवशीच तिकीट शोधत बसली. दुसऱ्या दिवशी खुलासा आला की हे फक्त नव्या अर्जांना. तोवर ती मस्कतला पोचली होती.

---

ह्यूस्टनचा_हेमंत

यावर मी आज काही लिहीत नाही. माझा मुलगा त्याच व्हिसावर असलेल्यांच्या तुकडीचा प्रमुख आहे आणि घरी सकाळपासून फोन थांबलेला नाही.

---

दत्ता_सदाशिव | ३१ ऑक्टोबर

अंधेरी_पूर्व, तुमच्या प्रश्नाचं थोडं उत्तर आता देता येतं. या महिन्यात रो खन्ना, डेबोरा रॉस यांच्यासह प्रतिनिधिगृहाच्या १९ सदस्यांनी राष्ट्राध्यक्षांना पत्र लिहून भारतावरची शुल्कं मागे घ्यायला सांगितलं. आणि या आठवड्यात सेनेटमध्ये लागोपाठ तीन दिवस शुल्कं रद्द करणारे तीन ठराव मंजूर झाले : ब्राझील ५२-४८, कॅनडा ५०-४६, आणि सगळ्या देशांवरच्या शुल्कांबाबतचा ५१-४७. एप्रिलअखेर हाच शेवटचा ठराव ४९-४९ ने पडला होता.

आता पुढचं नीट वाचा. हे ठराव तूर्त प्रतिनिधिगृहात मतदानाला येणार नाहीत. १९७६ च्या कायद्यात मतदान इतक्या-इतक्या दिवसांत घ्या असं आहे. बहुमतवाल्यांनी मार्चमध्ये नियम केला, आणि सप्टेंबरात तो ३१ जानेवारीपर्यंत वाढवला, की या कायद्यापुरते हे दिवस दिवस म्हणून धरायचेच नाहीत. पुढे मतदान झालं तरी राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार आहे, तो मोडायला दोन्हीकडे दोन तृतीयांश लागतात.

---

चिंगी

दिवस दिवस नाही?? तारखेच्या वहीत काय लिहितात मग?

---

लालबावटा_फ्रीमाँट

हा नियम वाचून रात्री झोप लागली नाही. यावर कोणी पंचवीस तास बोलावं. एकच प्रश्न : आज दिवस आहे की नाही?

---

अनुराधा_एडिसन

माझ्या नवऱ्याला हा प्रतिसाद वाचून दाखवला. तो म्हणाला, मतदानाची एवढी भीती आहे म्हणजे मत मागणाऱ्याचं काहीतरी पोचतंय. एप्रिलपासून पहिल्यांदा या विषयावर आमचं एकमत झालंय.

मला विचाराल तर एप्रिलचं भाषण आणि हे ठराव वेगळे काढता येत नाहीत. हे ठराव मंजूर झाले त्यात ऑगस्टची बिलं आहेत, सोयाबीनवाले शेतकरी आहेत, आणि सहा महिने कोणी ना कोणी हे बोलत राहिलं ते आहे. कशाचा वाटा किती, ते मी सांगू शकत नाही. पण कुणीच बोललं नसतं तर केन यांच्या ठरावाबद्दल मी तरी कधी ऐकलं नसतं.

---

ह्यूस्टनचा_हेमंत

शुल्कांच्या बाबतीत मी आता तुमच्या बाजूला आहे. बाकीचं माझं मत तसंच आहे. पण तो दिवस न धरण्याचा नियम कुठल्याही पक्षाने केला तरी चूकच. आमच्या प्रतिनिधीची पुढच्या आठवड्यात सभा आहे. दत्ताजी, त्या नियमाचा क्रमांक आणि तारीख मिळेल का? कागद हातात असल्याशिवाय उभं राहायचं नाही.

---

दत्ता_सदाशिव

व्यक्तिगत संदेशात पाठवतो. प्रश्न लिहून न्या आणि एकच विचारा.